गाडी सोडायची नाही

सौंसर-पांढुर्ण्याकडचं कुणी परदेशी निघालं, की आधी जामसांवळीच्या मारुतीला नारळ फुटे आणि मग मोतीराम ढोके याच्या दारात माणूस येई. मोतीरामकडे पांढरी अॅम्बॅसडर होती, आणि मुंबईचा सहार विमानतळ पाहिलेला ड्रायव्हर त्या भागात तो एकटाच होता.

पानठेल्यावर तो विमानतळाबद्दल बोलू लागला, की लोक पान गालात धरून ऐकत. गाडी कुठल्या बाजूनं आत घ्यायची, सामानाची ढकलगाडी कशी पटकवायची, पोलिसाशी मराठीत बोलायचं की हिंदीत, सगळं तो सांगे. शेवटी कायदा सांगे. "एअरपोर्टवर डायवरनं गाडी सोडाची नसते. सोडली का उचलून नेतात. सरकारी कायदा हाय."

असा कायदा नव्हता. तो मोतीरामनेच पहिल्या खेपेला केला होता. त्या वेळी तोही इतरांसारखा विमान पाहायला गेला होता. परतला तेव्हा मैदानभर पांढऱ्या अॅम्बॅसडर उभ्या होत्या. सौंसरला गाडी लावायची म्हणजे स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली. तिथे ती एकटीच असे. लावलेली गाडी शोधावीही लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो एकेका काचेतून आत डोकावत फिरला. एका पोलिसाने हटकून गाडीचा नंबर विचारला, तेव्हा घाबरून त्याने तोही चुकीचा सांगितला. अखेर गाडी सापडली, तेव्हा पोचवायला आलेली मंडळी तिच्यापाशी केव्हाची ताटकळत होती.

"कुठी गेलते, मोतीरामभाऊ?"

"पोलिसानं नेलतं. गाडी सोडली म्हनून."

कायदा झाला तो असा. तो तालुकाभर पसरला आणि पुढच्या प्रत्येक खेपेला मोतीरामला पाळावा लागला. सवारी आत जाई, तो स्टिअरिंगवर बसून राही. विमानतळाचा हा जाणकार विमानतळाच्या दाराकडे नंतर कधी फिरकला नाही.

शहाऐंशीच्या जानेवारीत त्याची मुलगी चंद्रकला मस्कतला निघाली. नवरा अनिल तिथे बिजलीमिस्त्री होता. आता तीन वर्षं ती यायची नव्हती, आणि प्रवास एकटीचा होता. मोतीरामने मनाशी ठरवलं, या खेपेला दारापर्यंत जायचं. पोरगी आत शिरेपर्यंत तिथून हलायचं नाही.

गाडीत व्याही भैय्याजी, विहीण केसरबाई आणि त्यांच्याकडची आणखी माणसं बसली. चंद्रकलेच्या आईला जागा उरली नाही. मुलीकडच्यांनी हे चालवून घ्यायचं असतं, तसं तिने ते चालवून घेतलं आणि फाटकातूनच हात हलवला. मोतीरामने जावयासाठी संत्र्यांची पिशवी भरून तिचं तोंड स्वतःच्या हाताने सुतळीने बांधलं होतं.

वरूड, अमरावती, धुळे. रातचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी सहारला पोचेपर्यंत भैय्याजींची गाडीतल्या सगळ्यांना विमानतळाची माहिती देऊन झाली होती. ती सगळी मोतीरामकडूनच ऐकलेली होती.

सामान उतरलं. मोतीरामने गाडीला कुलूप घातलं.

"मीबी येतो दारापावतर," तो म्हणाला.

"अन् गाडी?" भैय्याजींनी विचारलं.

"राहीन थोडा वेळ एकटी."

"वा व्याही! साऱ्या तालुक्याले कायदा शिकवला, अन् सोताच्या पोरीच्या वेळी मोडून राहिले? उचलून नेली तं सौंसरले काय पायी जाचं?"

केसरबाई म्हणाल्या, "चिंता नोका करू. आमी हाव नं तिच्यासंगं."

चंद्रकला तिथेच पाया पडायला वाकली. "बाबा, राहू द्या. तुमचा कायदा मले पाठ हाय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते व्याह्यांसमोर बोलावं लागलं असतं. मोतीराम गाडीत जाऊन बसला.

विमानं डोक्यावरून जात होती. प्रत्येक विमान गेलं, की तो घड्याळ पाही. शेवटी तो उतरला, गाडीला कुलूप घातलं आणि चालू लागला.

दाराशी हारांची, पेटीवाल्यांची, रडणाऱ्यांची गर्दी होती. पोलीस फक्त तिकीटवाल्यांना आत सोडत होता. मोतीरामला भैय्याजींची पांढरी टोपी दिसली. तो चटकन खांबाआड झाला. टोपीजवळ केसरबाई होत्या, बाकीचेही होते. चंद्रकला नव्हती. म्हणजे पोरगी गेली आत. तो खांबाआडूनच मागे फिरला.

आणि पांढऱ्या गाड्यांमध्ये पुन्हा हरवला. या खेपेला नंबर त्याला पाठ होता, पण रांग आठवत नव्हती. तो वाकून वाकून पाट्या वाचत फिरत राहिला. उन्हं उतरली. मग लांबवर एका बोनेटवर त्याला काहीतरी केशरी दिसलं.

जवळ जाऊन पाहिलं, तर संत्री होती. पिशवी फाटली होती, म्हणून कुणीतरी ती एकेक करून नीट रचून ठेवली होती. सुतळीची गाठ त्याची होती.

"अरे, हे इथं काहून मांडून ठेवले?" मागून भैय्याजींचा आवाज आला. मंडळी परतली होती. "आत वजन जास्त भरलं. संत्री काढा म्हनले. मी म्हनलं, दे मी नेतो. पोट्टी आयकते का? म्हने, बाबाच्या हातातच देते. गाडी सोडत नाहीत ते, सापडतीनच."

मोतीरामने डिकी उघडली.

"लय वेळ लावला तिनं. इमान चुकते का काय वाटलं. गाडीपासून वापस आली तं डोळे हे असे लाल. काय बोलले तिले इतकं?"

मोतीराम एकेक संत्रं उचलून डिकीत ठेवत होता.

"काई नाई," तो म्हणाला. "नीट राहाजो म्हनलं."

सौंसरला परतल्यावर ही हकिकत पानठेल्यावर भैय्याजींनीच सांगितली. पोटची पोरगी परदेशी चालली होती, तरी या माणसाने गाडी सोडली नाही. शेवटी पोरीलाच गाडीपाशी यावं लागलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि मोतीरामकडे पाहिलं.

"कायदा हाय," मोतीराम म्हणाला.