निळा पडलेला पेढा

जवळ बस गं, सारखं त्या मोबाइलात काय डोकं खुपसतेस? मागं साताऱ्याहून माझे पेढे तू सांगलीच्या कॉलेजात प्रॅक्टिकलला नेलेस. "आजीचे आहेत, निव्वळ दुधाचे," असं सगळ्यांना सांगितलंस. कागदावर घासल्यावर तुपकट डाग उमटला, तवर ठीक होतं. मग आयोडीनचा थेंब पडला आणि पेढा काळानिळा झाला. पिठाची खूण ती. पोरी म्हणाल्या, "आजीची म्हैस मैदा खाते वाटतं."

हे मला तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं. तू चकार शब्द काढला न्हाईस, त्याचीच लय लाज वाटली. खवा कमी पडला म्हणून मूठभर मैदा मीच भाजून घातला होता. उद्या सांगलीला जाशील, पण लवकर परत ये. आयोडीनची बाटली आण, तुझ्यासमोर दूध आटवते.