मोरा खाली आली का?

तोर्फीला आमच्या दरीत सगळे राजा म्हणत. थट्टेने नव्हे, ते पदच आहे. उन्हाळाभर मेंढ्या कोकरांना घेऊन डोंगरावर मोकळ्या फिरतात, राखायला कुणी नसतं. मग सप्टेंबरातला एक शनिवार ठरतो, सगळी दरी घोड्यांवर बसून वर जाते आणि त्यांना खाली आणते. तो शनिवार कोणता आणि कुठल्या घळीत कोणी शिरायचं, हे डोंगराच्या राजाने सांगायचं. तोर्फी एकतीस वर्षं सांगत होता.

मी चाळीस वर्षं शहरात नाटकं केली. मुकुट घातलेले राजे पुष्कळ पाहिले, त्यांतले दोघे तर प्रवेश संपला की विंगेत येऊन माझ्याकडे सिगारेट मागायचे. तोर्फीच्या डोक्यावर कानाशी उसवलेली लोकरीची टोपी असे. पण तो फाटकात उभा राहून नुसता हात वर करी आणि पंचवीस घोडेस्वार गप्प होत. असा प्रवेश मला जन्मात जमला नाही.

माझी धाकटी बहीण थोरा त्याची बायको. तिच्या अंत्यविधीला मी एक ट्रंक घेऊन आले ती राहिलेच. राहा असं तोर्फी म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी दाराजवळ त्याच्या कोटाच्या खिळ्याशेजारी दुसरा खिळा ठोकलेला दिसला. त्याला आता नऊ वर्षं झाली.

मोरा त्याची आघाडीची मेंढी. हिला कोणी मांसासाठी पाळत नाही, लोकरीसाठीही नाही. ही पाळायची ती डोक्यासाठी. अंगाने काटकुळी, रंगाने करडी-तपकिरी, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. हवा बिघडणार असेल तर अशी मेंढी दोन दिवस आधीच कळप मागे घेऊन आपण होऊन खाली येते. मोराच्या आईने हेच केलं होतं, तिच्या आजीनेही. रेडिओ काहीही सांगो, दरीतले लोक तोर्फीला फोन करून एवढंच विचारत, "मोरा खाली आली का?"

त्या वर्षी ती शुक्रवारी दुपारी आली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कप धूत होते. अंगणाच्या पलीकडे घरचं गवताचं रान, रानाच्या टोकाला फाटक. फाटकाबाहेर मोरा उभी होती आणि तिच्या मागे वीस-बावीस मेंढ्या. ऊन होतं, थोराने लावलेल्या बर्चच्या झाडांची पानं अजून हिरवीगार होती. रानात दुसऱ्यांदा उगवलेलं गवत तोर्फीने कोकरांसाठी राखून ठेवलं होतं. बाजारात जाण्याआधीचे पंधरा दिवस ते चरलं की कोकरं भरतात.

तोर्फी कोलूरला, आमच्या कुत्र्याला, घेऊन गेला. "लबाड!" तो मोराला म्हणाला. "गवताचा वास लागला होय तुला? चल, वर चल. अजून आठवडा आहे."

कोलूर भुंकत धावला. मोरा हलली नाही. मान वळवून तिने तोर्फीकडे पाहिलं. त्याने टोपी काढून हवेत झटकली, तेव्हा कुठे ती वळली. बाकीच्या तिच्यामागे डोंगर चढू लागल्या.

शनिवारी शेजारच्या शेतावरून हालबेराचा फोन आला. हालबेरा पन्नाशीची, एकटीच्या बळावर दोनशे मेंढ्या सांभाळणारी, आणि जीभ अशी की कोंबडासुद्धा तिच्यापुढे आवाज खाली घेईल. तोर्फीला कमी ऐकू येत असल्यामुळे आमचा फोन सगळ्या घराला ऐकू जाई.

"काय महाराज, उठलात का?"

"पाचला उठलोय. तू झोपेतून बोलतेस का?"

"ऐक. रेडिओ म्हणतोय सोमवारी वर बर्फ पडणार. उद्याच जाऊ या ना डोंगरावर."

"रेडिओ दर सप्टेंबरात हेच म्हणतो. कोकरांना अजून आठवडाभर चरू दे. शनिवार म्हणजे शनिवार."

"बरं बाबा. मोरा खाली आली का?"

तोर्फीने खिडकीबाहेर बघितलं. डोंगर स्वच्छ दिसत होता.

"नाही," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने कॉफी ओतून घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "गवतासाठी आली होती गं ती. हवेसाठी नाही."

मी काही बोलले नाही. दुसऱ्याच्या प्रवेशात तोंड घालायचं नाही ही आम्हा नाटकवाल्यांची शिस्त. त्या दिवशी ती शिस्त फार सोयीची पडली, हे मी इथे लिहून ठेवते.

रविवारी पाऊस लागला. सोमवारी सकाळी त्याचा बर्फ झाला. जानेवारीतला कोरडा, हलका बर्फ नव्हे. ओला, जड, चिकटणारा, आणि त्याला उत्तरेचा वारा. नऊ वाजता विजेच्या तारा मनगटाएवढ्या जाड झालेल्या दिसल्या, दहा वाजता खांब आडवे झाले. दिवे गेले, हीटर गेले, फोन गेला. खिडक्यांवर बर्फ थापला गेला आणि भरदुपारी घरात संध्याकाळ झाली. आम्ही सगळी दारं लावून स्वयंपाकघरात आलो, गॅसच्या छोट्या शेगडीवर कॉफी केली, गाद्या ओढून आणल्या.

थोराचे बर्च मोडू लागले. पानं झडली असती तर वारा फांद्यांतून निघून गेला असता, पण प्रत्येक पानावर ओला बर्फ बसला होता. बंदूक उडावी तसा आवाज यायचा. मी मोजत होते, अकरानंतर सोडून दिलं.

तोर्फी कमरेला दोर बांधून दोनदा बाहेर पडला. दोराचं दुसरं टोक मी दाराच्या कडीला बांधून हातात धरलं होतं. पहिल्यांदा तो अंगणाच्या मध्यापर्यंत गेला, दुसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही. आत आला तेव्हा भुवयांवर बर्फ गोठलेला.

"काही दिसत नाही," तो म्हणाला. "स्वतःचा हात दिसत नाही."

"बस आता. ब्याऐंशीव्या वर्षी हिरो व्हायचं असेल तर आधी तालीम लागते."

तो हसला नाही. बाकावर बसून त्या थापलेल्या खिडकीकडे बघत राहिला, जणू काच मोकळीच आहे. कोलूर दाराशी उभा राहून भुंकत होता. थांबायचा, कान टवकारायचा, पुन्हा भुंकायचा.

"गप रे," तोर्फी ओरडला. "वाऱ्यावर काय भुंकतोस?"

तसे दोन दिवस आणि दोन रात्री. मी त्याला जुन्या दौऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. एकदा फेरीबोट बंद पडल्यामुळे आम्ही माशांच्या कारखान्यात प्रयोग केला होता आणि माझ्या राणीच्या झग्याला वर्षभर हेरिंगचा वास येत होता, वगैरे. तो योग्य जागी हं म्हणे. एकदाच मध्येच बोलला, "लोविसा, ती खाली आली होती." मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

बुधवारी आकाश उघडलं. ऊन इतकं लख्ख पडलं की राग यावा. कुंपणं दिसेनाशी झाली होती. सगळी दरी बाहेर पडली, लांब सळया आणि फावडी घेऊन. बर्फात मेंढ्या जिवंत राहतात, आठवडा, कधी तीन आठवडेसुद्धा. त्यांच्या श्वासाने वर बोटाएवढं पिवळसर भोक पडतं. ते शोधायचं, नाहीतर सळई खुपसत जायचं आणि मऊ लागलं की खणायचं. काही मेंढ्या निघाल्या त्या अंग झटकून चालू लागल्या. काहींना ओढून काढावं लागलं, आणि त्या काही उठल्या नाहीत.

तोर्फी सगळ्यात उंच घळीत गेला, कारण मोरा तिथे उन्हाळा काढायची. चार दिवस तिथेच खणत होता. संध्याकाळी परतताना कोलूर पुढे पळत सुटे आणि घराच्या फाटकाशी साचलेल्या ढिगावर चढून उकरू लागे. "भूक लागलीय त्याला," तोर्फी म्हणायचा आणि त्याला हाका मारून घरात घ्यायचा. फाटक त्या ढिगाखाली पुरतं गाडलेलं होतं, आम्ही बाजूने वाट काढली होती.

रविवारी दक्षिणेचा उबदार वारा सुटला. दुपारी मी कप धुवायला खिडकीशी उभी राहिले आणि ढिगातून एक शिंग वर आलेलं दिसलं. टोक तुटलेलं.

मी हाक मारली. माझा आवाज एके काळी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. त्या दिवशी तो स्वयंपाकघराबाहेरसुद्धा गेला नाही. कोट न घालता मीच बाहेर धावले.

तोर्फीने फावडं घेतलं नाही, हातांनी उकरलं. मोरा उभीच होती. कपाळ फाटकाच्या फळीला टेकलेलं, डोळे मिटलेले. ती गेलेली होती. तिच्या मागे दाटीवाटीने बाकीच्या, त्यांतल्या पुढच्या सगळ्या मेलेल्या. कुंपणाच्या दगडी भिंतीच्या आडोशाला सहा जिवंत निघाल्या. एक होतं मोराचंच कोकरू, कपाळावर पांढरा पट्टा असलेली करडी मादी.

घरापासून साठ पावलं.

पुढच्या शनिवारी निवडणी झाली. निवडणीसाठी दरीच्या तोंडाशी दगडी गोल आवार आहे, प्रत्येक शेताचा त्यात एकेक कप्पा. कानाची खूण बघून आपापल्या मेंढ्या शिंगांना धरून कप्प्यात न्यायच्या. एरवी तिथे कोलाहल असतो, बाटल्या फिरतात आणि शेवटी राजा गाणं सुरू करतो. त्या दिवशी अर्धे कप्पे रिकामे होते. हालबेराच्या एक्केचाळीस मेंढ्या गेल्या होत्या.

तोर्फी मधोमध जाऊन उभा राहिला. हात वर केला नाही, तरी सगळे गप्प झाले.

"मोरा शुक्रवारी खाली आली होती," तो म्हणाला. "मी तिला हाकलली. शनिवारी हालबेराने विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो."

मग हालबेरा म्हणाली, "फोनवर नाही म्हणायला तू जरा वेळ लावला होतास. माझ्या लक्षात आलं होतं."

"मग तू एकटी का नाही गेलीस गं वर?"

"तू नाही म्हणालास ना." तिचे डोळे सुजलेले होते. "मी तोंड चालवते, तोर्फी. पण डोंगरावर तुझ्याआधी कधी गेलेय का मी?"

ती वळली आणि एका मेंढीचं शिंग धरून तिला कप्प्याकडे ओढू लागली. मेंढी अडून बसली. थोड्या वेळाने तोर्फीने जाऊन दुसरं शिंग धरलं. तिने त्याला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. गाणं कोणी सुरू केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, नाटकात गायलेली बाई म्हणून. मी खाली चिखलाकडे बघत राहिले.

तोर्फीने राजेपण सोडलं. फाटक त्याने बिजागऱ्यांसकट काढून गोठ्यामागे ठेवलं आहे.

आता नोव्हेंबर आहे. सकाळी मेंढ्या थोडा वेळ बाहेर सोडतो. मोराचं कोकरू गोठ्याच्या उंबऱ्याशी येतं, नाक वर करतं आणि तिथेच थांबतं. आकाश निळं असो की काळं, ते बाहेर पाऊल टाकत नाही आणि त्याच्यामागे सगळ्या अडून राहतात. तोर्फी त्याच्या शेजारी उभा राहतो. कोकराला हवा कळली आहे, की आईच्या मागे दबून काढलेला तो आठवडा आठवतो आहे? पूर्वी असलं तोर्फी एका नजरेत ओळखायचा. आता तास तास बघतो, आणि शेवटी सगळ्यांना आत घेऊन दार लावतो. बहुतेक दिवशी बर्फ पडत नाही. दोनदा पडला.

काल हालबेराचा फोन आला. निवडणीनंतर पहिल्यांदाच.

"तोर्फी," ती म्हणाली. महाराज नाही, काही नाही. "मला उद्या खिंडीपलीकडे जायचंय. ती छोटी काय करतेय?"

"उंबऱ्यात उभी आहे."

"म्हणजे बर्फ येणार?"

तोर्फीने खिडकीबाहेर पाहिलं. मोडक्या बर्चवर ऊन होतं.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही, आणि त्यानेही नाही.