अर्ध्या तासाचं आरमार

नौदलातली माझी कारकीर्द साधारण अर्धा तास चालली. तीही शिडाच्या जहाजांच्या जमान्यातली. फक्त तो जमाना कधीच संपला होता आणि आमच्या केशोरी गावापासून समुद्र शेकडो कोस लांब होता, एवढ्याच काय त्या किरकोळ अडचणी.

दोष एका फाटक्या पुस्तकाचा. मॅट्रिकनंतरच्या सुट्टीत ते शाळेच्या कपाटात सापडलं. त्यातला नायक बाराव्या वर्षी जहाजावर चढतो आणि वादळं, लढाया अंगावर घेत चाळिशीत आरमाराचा सरदार होतो. मी सतरा वर्षांचा, म्हणजे पाच वर्षं आधीच वाया गेलेली! देश नुकताच स्वतंत्र झालेला. माझ्यावाचून त्याचं अडलं असणारच. मी नौदलाचा अर्ज मागवला, ‘पोहता येते काय?’ या रकान्यात ठळक ‘होय’ लिहिलं आणि सहीसाठी वडिलांपुढे, म्हणजे बाबूजींपुढे ठेवला.

ते न वाचताच म्हणाले, "तलावापलीकडं बाया रोवणीले थांबल्या हायेत. डोंग्यातून पऱ्हे पोचवून दे. मंग करतो सही."

पऱ्हे म्हणजे लावणीसाठीची धानाची रोपं आणि डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. ती बांबूनं रेटतात. पण बांबू रेटणारा सरदार पुस्तकात कुठेच नव्हता. म्हणून मी बाबूजींचं ठेवणीतलं धोतर दोरीवरून काढलं, बांबूला बांधून उभं केलं आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्या छातीइतक्या उंच रचल्या.

काठावरून डोंगेवाले काका ओरडले, "काऊन गा बाबू, धोतर वाळवून राहिला काय?"

या माणसाला आरमारातलं काय कळणार! मी डोंगा पाण्यात लोटला.

वारा आला, धोतर फुगलं. मिनिटभर मी खरोखर कप्तान होतो. मग डोंगा पलीकडच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे जायचं सोडून शिंगाड्याच्या वेलांत घुसला. डोंगा थांबला, वारा थांबला नाही. मी, पेंढ्या आणि धोतर एकदमच पाण्यात. "वाचवा!" म्हणून मी जी बोंब ठोकली, ती पलीकडच्या बांधीपर्यंत गेली.

काका आले. चालत आले.

"उभा राय ना बे," ते म्हणाले.

मी उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

रोवणीच्या बाया पदर खोचून तलावात उतरल्या आणि तरंगत्या पेंढ्या गोळा करू लागल्या. एक म्हणाली, "साहेबानं तर तलावातच रोवणी करून टाकली वो!"

संध्याकाळी बाबूजींनी अर्ज वाचायला घेतला. त्या रकान्यापाशी बोट थांबलं.

"हे कोणं लिवलं?"

"पुस्तकातल्या खलाशांनाही पोहता येत नसे, बाबूजी."

"म्हणून बुडाले असतीन."

मला वाटलं, फाडतात. त्यांनी अर्ज खुंटीला टांगला. "खोट्यावर सही नाही करत मी. उद्यापासून काका शिकवतीन. तलाव पार केला का सही."

सकाळी काका काठावर तयार उभे होते. त्यांच्या पोटरीवर एक टपोरी जळू चिकटली होती. ती त्यांनी बोलता बोलता उपटून फेकली. मी पाण्याकडे पाहिलं, जळूकडे पाहिलं आणि देशाचं रक्षण दुसऱ्या कुणावर तरी सोपवलं.

मुदत संपेपर्यंत अर्ज खुंटीलाच होता. बाबूजी रोज सहीच्या पेनात शाई भरून ते खुंटीजवळ ठेवत. पोरांना ही गोष्ट सांगताना मी जळूपाशी थांबतो; शाईचं सांगत नाही.