पाण्याच्या वेळेचा अभ्यास

आबा, एसटी सुटली तेव्हा तुम्ही खिडकीला हात लावून चार पावलं चाललात. वाटलं, लेकीला निरोपाचं काही बोलाल. बोललात ते नातीच्या अभ्यासाचं: "तिनसांजेक पोरीच्या हातात पाटी व्हयी, ध्यानात ठेव." मी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. मुंबईत येऊन वर्ष होत आलं, तरी कधी कधी वाटतं, ती झोप अजून पुरती उतरलेली नाही.

गावी तिन्हीसांज आपोआप यायची. गुरं गोठ्यात, तुळशीपाशी दिवा, आणि ओटीवर आमचे पाढे. इथे लोअर परळच्या चाळीत तिन्हीसांज म्हणजे नुसता कल्ला. समोरच्या काचेच्या ऑफिसांत दिवे लागतात, गॅलरीत कॅरम मांडला जातो, खोल्याखोल्यांतून टीव्ही सुरू होतात. तरी मी मुक्ताला नेमकी तेव्हाच वही घेऊन बसवायची. तुमचा शब्द ना! पोर वहीकडे बघत राही, गणित काही पुढे सरकत नसे.

शेजारच्या कांबळे मावशी म्हणायच्या, "अगं, आधी खेळू दे तिला. पोरगी हाय, मशीन नाय." खेळू दिलं. पहाटे उठवून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शाळेतून गृहपाठ अपुरा असल्याचे निरोप येत राहिले. एका संध्याकाळी शिवडीच्या गोदामातून दमून आलेले तिचे बाबा म्हणाले, "तुला जमत नसेल तर तिला गावी ठेवू. आबा बघतील अभ्यासाचं." तिसरीतली पोर ती. तिच्याशिवाय या एका खोलीत मी काय करणार होते?

चाळीत उन्हं कलली की नळाला पाणी येतं. बायका असतील तिथून धावतात. त्या दिवशी धार करंगळीएवढीच होती. पिंप भरेना, सोडून उठताही येईना. मोरीच्या कठड्यावर मी नुसती बसून राहिले. पाण्याचा एकसुरी आवाज, भिंतीवर हलणारा उजेड. बहुतेक डोळा लागला असावा. जागी झाले तर शेजारी पाट टाकून मुक्ता लिहीत बसलेली. न सांगता! गणितं झाली होती, वर शुद्धलेखनही चाललं होतं.

"आत्ता कशी गं बसलीस?"

"आत्ता तू इथे असतेस ना."

"संध्याकाळी पण असते की मी."

"नाही. संध्याकाळी तू फोनवर गावाला असतेस."

खरंच होतं, आबा. दिवेलागणीला मी तुम्हाला फोन लावायची आणि बोलणं संपलं तरी ठेवायची नाही. गोठ्यातली घंटा, सांजवात लावताना आईचं शुभंकरोति, सगळं कानाशी धरून बसायची. मुक्ताला बसवून मी आपली तुमच्या ओटीवर. मला तिथेच रडू आलं आणि हसूही.

आता रोज पाणी आलं की मी पिंपाशी आणि ती पाटावर. गृहपाठ पुरा होतो. तिला गावी ठेवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. तिन्हीसांजेला मात्र तिच्या हातात पाटी नसते, कॅरमचा स्ट्रायकर असतो. तुमचा शब्द मोडला, रागावू नका.

फोन करीन, पण जेवणं उरकल्यावर. आणि उन्हं कलताना तुम्ही लावलात नि मी उचलला नाही, तर काळजी करू नका. त्या वेळी मी घरी असते.