लेबल आणि चिठ्ठी

सरकारी दवाखान्याच्या खिडकीवरून एचआयव्हीच्या फुकट गोळ्या घेऊन आलेली एक बाई तिथल्याच बाकावर माझ्याशेजारी टेकली. बाटलीवरचं लेबल तिने एका जीर्ण चिठ्ठीशी ताडून पाहिलं, मग नखाने खरवडून टाकलं आणि आत कापूस कोंबला.

"एसटीत खुळखुळते ना ताई. गावातलं कुणी विचारलं तर?"

"फुकट मिळतात, हे तरी बरं," मी म्हणाले.

"मालक गेले तेव्हाही गोळ्या होत्या की. परवडल्या नाहीत."

तेव्हा श्रीमंत देशांतली माणसं त्याच गोळ्या घेऊन कामावर जात होती. आपल्या माणसांना भाव उतरेपर्यंत दम धरायला सांगितलं. ती मेली, आणि आपण दैव म्हणून मोकळे झालो.

"चिठ्ठी कसली?" मी विचारलं.

"मालकांची. डॉक्टरांनी गोळीचं नाव लिहून दिलं होतं." तिने घडी घातली. "दर वेळी बघते. नाव तेच असतं."