भिंतीचं लाटणं

परळच्या आमच्या चाळीची मागची गॅलरी एका दुपारी कोसळली, तेव्हा नशिबाने तिथे वाळत घातलेल्या गोधडीशिवाय कुणी नव्हतं. पाहणीला आलेल्यांनी चाळ धोकादायक ठरवली आणि नवी इमारत होईपर्यंत आम्हाला अँटॉप हिलच्या संक्रमण शिबिरात धाडलं. हे पाटीवरचं नाव. राहणारे सगळे ट्रान्झिटच म्हणतात. मी आणि आई, तिसऱ्या मजल्यावर एक खोली, संडास घरात. सार्वजनिक संडासाच्या रांगेत हयात गेलेल्या माणसाला ही चैन वाटायला हवी. मला वाटलीही. आईला नाही.

"दारां लावून बसतत सगळी," ती म्हणायची. "कोण मेला तरी कळूचा नाय."

मी दिवसभर बँकेत, घरी ती एकटी, आणि तिची साखर कधी उतरेल याचा नेम नाही. त्यामुळे ते वाक्य मला झोंबायचं आणि मी उगाच तिच्यावर खेकसायचे.

चाळीत आईची आणि शेजारच्या काकूंची एक रीत होती. दोघीही नवऱ्यामागे राहिलेल्या. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी आई मधल्या भिंतीवर लाटण्याने दोनदा ठोकायची, पलीकडून काकू दोनदा ठोकायच्या. मी उठले, तूही उठलीस, बरं आहे. एवढाच निरोप. चाळ रिकामी झाली तशा काकू लेकीकडे विरारला गेल्या.

ट्रान्झिटमधल्या पहिल्याच सकाळी आईने सवयीने लाटणं उचललं आणि भिंत ठोकली. जित्याची खोड! लगेच दार वाजलं. बाहेर पांढऱ्या सदऱ्यातले उंच, वयस्कर गृहस्थ उभे होते.

"बाई, खिळे मारायचे तर जरा उजाडू द्या."

आई ओशाळली. "खिळे नाय ओ भाऊ. सवयीन झाला." आणि मग चाळ, काकू, लाटणं, सगळं तिने उंबऱ्यातच सांगून टाकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं, "असं होय," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आईने लाटणं मुद्दाम पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं. मी दात घासत होते. आईने पातेलं हातात घेतलं आणि भिंतीतून आवाज आला. टक टक. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग आई धावली, डबा सरकवून लाटणं काढलं आणि उत्तर दिलं. माझ्या तोंडात फेस तसाच. कालपर्यंत ज्या माणसाने आमचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्याने आईची सवय उचलून घेतली होती. मी थक्क झाले, आणि खरं सांगते, आजही त्या आवाजाची आठवण आली की अंगावर काटा येतो.

पुढे ओळख वाढली. भाऊ गिरणीतले, बायको गेलेली, मुलगा पुण्याला. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली नीट लावलेली पुस्तकं. मी जाता-येता "जयभीम, भाऊ" म्हणायला शिकले. त्यांच्या चाळीची जागा कोर्टात अडकलेली, त्यामुळे आमच्या खोलीत किती बिऱ्हाडं आली आणि गेली ते त्यांनी पाहिलेलं. "या भिंतीतून टीव्ही ऐकले, भांडणं ऐकली," ते एकदा म्हणाले. "हाक पहिल्यांदाच ऐकली."

मग एका सकाळी उत्तर आलं नाही. आईने पुन्हा ठोकलं. मला बँकेची घाई.

"झोपले असतील गं. पुण्याला गेले असतील."

"सांगल्याबगर जाऊचे नाय ते." आईने गॅस बंद केला. "दार फोडा, मी सांगतंय!"

मजल्यावरची सगळी बंद दारं उघडली ती तिच्या त्या ओरडण्याने. दोघातिघांनी खांदे लावून कडी तोडली. भाऊ मोरीत घसरून पडले होते, शुद्धीवर होते. मोरीची भिंत ते ठोकतच होते, पण त्या भिंतीपलीकडे जिना होता. जिन्याला काय ऐकू येणार? परळच्या हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली आणि काही आठवड्यांनी आमची भिंत पुन्हा बोलायला लागली. ज्या गोष्टीची मला लाज वाटली होती, तिने एक माणूस वाचवला होता.

यथावकाश परळची इमारत उभी राहिली. आमचं घर इतक्या वर की खिडकीतून समुद्र दिसला. जन्म परळात गेला, पण समुद्र इतका जवळ आहे हे माहीतच नव्हतं. मी आ वासून बघत होते. आई खिडकीपाशी आलीच नाही. ती बोटाच्या पेराने भिंती वाजवत फिरत होती.

"ह्येच्या पलीकडे कोण?"

"लिफ्ट."



सामान हलवायच्या दिवशी टेम्पो भरून खाली उभा, आणि आई रिकाम्या खोलीत फतकल मारून बसलेली. त्या खोलीत गिरगावातलं एक बिऱ्हाड त्याच दुपारी यायचं होतं, ते आल्याशिवाय ती हलेना. टेम्पोवाला हॉर्न मारून थकला. मी चिडले, हातापाया पडले, व्यर्थ. अखेर एक तरुण बाई कडेवर बाळ घेऊन आली. आईने तिला दाराशीच गाठलं आणि काकूंपासून मोरीपर्यंत सगळं सांगितलं. मग पिशवीतून लाटणं काढून तिच्या हातात दिलं.

"आहे हो माझ्याकडे," ती गोंधळून म्हणाली.

"असू दे. ह्या चपातीचा नाय, भिंतीचा."

त्या पोरीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाळ सावरत ती भिंतीपाशी गेली आणि संकोचत दोनदा ठोकलं. पलीकडे शांतता. काठी घेऊन उठायचं म्हणजे वेळ लागतोच, हे मला कळत होतं, तरी मी भिंतीला कान लावला.

टक टक.

आईने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"चल," ती म्हणाली. "आता जाऊया."