संध्याकाळची गिनती

गावातल्या कोणाचाबी आवाज मी काढो. मास्तरचा, सरपंचाचा, सरपंचाच्या म्हशीचाबी. म्हैस कधी रागावली नाई, सरपंच रागावे. पन हिंगणीकडच्या आमच्या गावातल्या चौकीचा एक शिपाई होता, त्याची नक्कल माह्या खास हातची. संध्याकाळच्या गिनतीले जमादारानं त्याचा नंबर पुकारला का तो आधी तंबाखूचा ठसका देये, मंग नाकातून म्हणे, "हाजिर, साहेब!" बाजारात मी तसाच ठसका दिला का लोक पोट धरून हासत. तोबी हासे. "लेका, माही ड्यूटीबी तूच करत जाय," म्हणे.

मंग बोर नदीले पूर आला. धरण तवा नव्हतं. पल्याडच्या वस्तीतली दोन लेकरं त्यानं खांद्यावर आणली, तिसऱ्यासाठी परत गेला. लेकरू निघालं. तो निघाला नाई. प्रेतबी भेटलं नाई.

त्याची माय रोज गिनतीच्या टायमाले चौकीपुढच्या लिंबाखाली येऊन बसे. जमादार त्याचा नंबर सोडायले गेला तं बुढी म्हणे, "पुकार. तो हाजिर म्हणन तवाच मी जेवन." नुसत्या पाण्यावर होती. डोळे पार खोल गेलते.

जमादारानं मले बलावलं. "एक डाव त्याच्या आवाजात बोल रे. नाई तं बुढीबी जाते."

"मेलेल्याची नक्कल, साहेब?"

"जितीसाठी कर."

मी लिंबामागं उभा राह्यलो. नंबर पुकारला. मी तोंड उघडलं. काईच निघेना.

नदीच्या बाजूनं ठसका आला. "हाजिर, साहेब."

"ठीक," जमादार सवयीनं म्हणाला. बुढी उठली, लुगडं झटकलं अन् घराकडं निघाली.

शिपायांनी माही पाठ थोपटली. "वा रे बहाद्दर! हुबेहूब!"

"मी नाई बोललो."

"झाली याची नौटंकी सुरू!"

बुढी जेवते का पाह्यले जमादारानं मलेच धाडलं. चुलीपुढं दोन ताटं होती, भाकर अन् आंबाडीची भाजी. बुढी घास चावून राह्यली होती.

"ये बाप्पा. तुले त्याईनं उभं केलतं ना? काऊन नाई बोलला?"

"आवाजच फुटला नाई, माय."

"बरं झालं."

मी दुसऱ्या ताटापुढं बसाले वाकलो, तं तिनं माहा हात धरला.

"तिथं नको बसू. इकडं सरक. तुले अलग वाढते."